‘सब्टल’ म्हणालीस म्हणून इंग्रजी सोडायचं?

या वेळचं पत्र लातूर जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीचं आहे. नाव छापू नका असं तिनं लिहिलंय. पत्र थोडं कमी करून देते.

“मॅडम, मी रोज एसटीनं कॉलेजला येते. बीए दुसरं वर्ष, मेजर इंग्रजी. शाळा मराठी माध्यमाची. बारावीला इंग्रजीत 78 मार्क पडले म्हणून सगळे म्हणाले इंग्रजीच घे. वर्गात सर गाईडमधून सांगतात, आम्ही लिहून घेतो. मूळ पुस्तक मी अजून एकही पूर्ण वाचलेलं नाही. मागच्या महिन्यात सेमिनार होता. मी एक शब्द ‘सब्टल’ असा वाचला. मागच्या बाकावरची पोरं हसली आणि सरपण हसले. तेव्हापासून मी वर्गात तोंड उघडलेलं नाही. गावात म्हणतात, इंग्रजी घेतलंय आन् बोलता येईना. पप्पा म्हणतात, सोड ते, पोलीस भरतीची तयारी कर. लातूरला एक क्लास आहे, तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी, फी 12,000 रुपये. आई बचत गटातून पैसे उचलायला तयार आहे. मी काय करू? दीड वर्ष इंग्रजी साहित्य शिकून मला इंग्रजी बोलता का येत नाही?”

प्रिय मुली,

आधी तो शब्द घेऊ. तुझ्या पत्रात तोच ठसठसतोय.

शब्द ‘subtle’, म्हणजे सूक्ष्म. बरोबर उच्चार ‘सटल’. त्यातला ‘बी’ लिहायचा, म्हणायचा नाही. पण तो तिथे आला कसा, हे त्या दिवशी हसणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल? हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा लोक तो ‘बी’शिवायच लिहीत आणि तसाच म्हणत. पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकात लॅटिनचं वेड असलेल्या पंडितांना वाटलं, की याचं मूळ लॅटिन ‘सब्टिलिस’ आहे, तर ते कुळ लिहिताना दिसलं पाहिजे. म्हणून त्यांनी मध्ये ‘बी’ घातला. लोकांच्या जिभेनं तो घेतलाच नाही. ‘डेट’ म्हणजे कर्ज आणि ‘डाउट’ म्हणजे शंका, या शब्दांतला ‘बी’सुद्धा असाच मागून आलेला. म्हणजे तू चुकलीस ती अक्षरांवर विश्वास ठेवून चुकलीस. लिहिलंय तसं वाचायचं, हे आपल्याला बालवाडीपासून शिकवलेलं असतं.

आणि आपलं तरी सगळं लिहिल्यासारखं कुठे असतं? ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च एक नाही. ‘माझं’मधला झ आणि ‘माझी’मधला झ एक नाही. उत्तरेकडून बदलून आलेला बँकेचा साहेब ‘माझं’ वेगळंच म्हणतो, तेव्हा आपण त्याला नीट म्हणून दाखवतो. तुलाही कुणीतरी नीट म्हणून दाखवायला हवं होतं. सरांनी हसायला नको होतं, हे मी स्पष्ट लिहिते. मी स्वतः 31 वर्षं वर्गात उभी राहिले आहे. शिक्षकाच्या एका हसण्यानं पोरगी वर्षभर गप्प बसते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

मीही बसले होते. गाव सोडून एमएला गेले तेव्हा वसतिगृहात कुणीतरी विचारलं, काय चाललंय? मी म्हणाले, “आभ्यास करायले.” खोलीतल्या पाच जणी हसल्या. इंग्रजीचा तर प्रश्नच नव्हता, माझ्या मराठीलाच हसल्या. पुढचे कित्येक महिने मी दोन्ही भाषांत कमीत कमी बोलले. सेमिनारला नाव आलं की आजारी पडायचे. त्या वर्षी जे प्रश्न विचारायचे राहिले, ते मला पुढे शिकवायला लागल्यावर एकटीनं सोडवावे लागले आणि त्यात फार वर्षं गेली. हसणाऱ्या त्याच आठवड्यात विसरून गेल्या होत्या. म्हणून तुझ्या पत्रातलं “तोंड उघडलेलं नाही” हे वाक्य मला सगळ्यांत जास्त टोचलं. फी, नोकरी, पप्पा यांचं बघता येईल. हे आधी मोडायचं आहे.

आता तुझा खरा प्रश्न. साहित्य शिकून बोलता का येत नाही? कारण तू अजून साहित्य शिकलेलीच नाहीस. रागावू नकोस. दीड वर्षात तू जे केलंस ते तुझ्याच शब्दांत असं आहे: सर सांगतात, आम्ही लिहून घेतो. म्हणजे पुस्तकाबद्दल तिसऱ्याच कुणीतरी लिहिलेली माहिती तू वहीत उतरवलीस आणि परीक्षेत परत उतरवलीस. त्यात पुस्तक नाही, भाषाही नाही आणि बोलणं तर नाहीच. भाकरीबद्दल वही भरून लिहिलं, पीठ किती, पाणी किती गरम, काठ कसा फिरवायचा, सगळं पाठ केलं, तरी पहिली भाकरी परातीतच फाटते. तुझे हात अजून पिठात गेलेले नाहीत, एवढंच झालंय. तुझ्यात खोट नाही.

साहित्य वाचणं, भाषा कळणं आणि लोकांशी बोलणं-लिहिणं ही तीन कामं आहेत. एकातून दुसरं आपोआप येत नाही. प्रत्येकाला वेगळा वेळ द्यावा लागतो. पण या तिन्ही कामांना तुझी मराठी लागते, आणि नेमकी तीच तू वर्गाबाहेर ठेवून आत जातेस. “शाळा मराठी माध्यमाची” हे तू गुन्हा कबूल केल्यासारखं लिहिलंयस. मला उलटं वाटतं, आणि का वाटतं ते एका जागेवर बोट ठेवून दाखवते.

तुमच्या अभ्यासक्रमात कोणतं नाटक आहे ते तू लिहिलं नाहीस, म्हणून सगळ्यांच्या ओळखीचं घेते. शेक्सपिअरचं ‘हॅम्लेट’, तिसऱ्या अंकाचा चौथा प्रवेश. बाप मेलाय, आईनं महिन्या-दोन महिन्यांत दिराशी लग्न केलंय, मुलगा आतून पेटलाय. आई त्याला खोलीत बोलावते आणि म्हणते:

“हॅम्लेट, दाऊ हॅस्ट दाय फादर मच ऑफेंडेड.”

मुलगा उत्तर देतो:

“मदर, यू हॅव माय फादर मच ऑफेंडेड.”

गाईडमध्ये लिहिलेलं असतं, की हॅम्लेट आईला दोष देतो. बरोबर आहे, पण ते वरवरचं आहे. तू नीट बघ. आई ‘दाऊ’ म्हणते, मुलगा ‘यू’ म्हणतो. त्या काळच्या इंग्रजीत ‘दाऊ’ म्हणजे आपलं ‘तू’, आणि एका माणसाला ‘यू’ म्हटलं की आपलं ‘तुम्ही’. आता मराठीत ऐक. “हॅम्लेट, तू तुझ्या वडिलांना फार दुखावलंस.” “आई, तुम्ही माझ्या वडिलांना फार दुखावलंत.” दोघांच्या वाक्यात ‘फादर’ हा शब्द तोच आहे, पण तिच्या तोंडी तो नव्या नवऱ्याबद्दल आहे आणि त्याच्या तोंडी मेलेल्या बापाबद्दल.

यावर आई काय म्हणते?

“कम, कम, यू आन्सर विथ ॲन आयडल टंग.” म्हणजे, पुरे, तुम्ही काहीतरीच उत्तर देताय.

आत्ता एका ओळीपूर्वी ‘तू’ म्हणणारी आई ‘तुम्ही’वर आली! हे कसं असतं ते तुला कुणी शिकवायची गरज आहे का? आपल्या घरात आई चिडली की काय म्हणते? “व्हय बाई, आता तुमी शिकलेल्या, आमाला काय कळतंय?” त्या ‘तुमी’त मान नसतो. ती आपल्याला हातभर लांब सारून बोलत असते आणि ते लांब सारणं आपल्याला ‘तू’मधल्या शिवीपेक्षा जास्त लागतं. हॅम्लेटची आई तेच करते. पुढे थोड्याच ओळींनी, मुलगा आता आपल्याला मारतो की काय या भीतीनं तिचा जीव घाबरा होतो, तेव्हा ती परत ‘दाऊ’वर येते. भीतीत माणूस तुम्ही-आम्ही करत नाही.

आजच्या प्रमाण इंग्रजीतून ‘दाऊ’ गेलं. त्यामुळे इंग्लंडमधल्या मुलांनासुद्धा हा फरक पानाखालची टीप वाचून डोक्यानं समजून घ्यावा लागतो. तुला तो कानानं कळतो. तू एसटीत कंडक्टरला, चुलत्याला, मैत्रिणीला, दारात आलेल्या अनोळखी माणसाला दिवसभर तू, तुम्ही, आपण यातलं काय वापरायचं हे ठरवतच असतेस. या एका जागेवर तू सेमिनारमध्ये पाच मिनिटं बोललीस, तर कुठल्याही गाईडमध्ये नसलेलं काहीतरी बोलशील आणि ते खरं असेल. नाटकाच्या कुठल्याही प्रवेशात पेन्सिल घेऊन ‘दाऊ’ आणि ‘यू’भोवती गोल कर. कोण कुणाला कधी काय म्हणतो आणि कुठल्या ओळीला ते बदलतं ते बघ. शेक्सपिअर नेहमीच हिशेबानं बदलतो असं नाही, काही ठिकाणी दोन्ही सहज मिसळलेली असतात. पण जिथे बदलतो आणि लागतं, तिथे तुझा कान तुला सांगेल.

कवितेचंही तसंच. “कविता वाचली की शब्द कळतात, अर्थ लागत नाही,” असं पोरं मला नेहमी सांगत. शाळेत संस्कृत किंवा जुनी मराठी कविता शिकताना बाई अन्वय लावायला सांगत. कर्ता शोध, क्रियापद शोध, मग बाकीचे शब्द त्यांना जोड. इंग्रजी कवितेला अगदी हीच किल्ली लागते, पण ती कुणी वापरत नाही. मिल्टनचं ‘पॅरडाइज लॉस्ट’ 1667 साली आलं. त्याचं पहिलं वाक्य वाचायला घेतलं की दम लागतो, कारण मुख्य क्रियापद येतं सहाव्या ओळीत. “सिंग,” म्हणजे गा. आधीच्या पाच ओळी कशाबद्दल गा हेच सांगतात. इंग्रजीत क्रियापद कर्त्याला चिकटून येतं, त्यामुळे तिथल्या वाचकाला हे थांबणं अवघड जातं. आपण तर जन्मभर क्रियापदासाठी वाक्याच्या शेवटापर्यंत थांबतच आलोय. “सकाळी उठून, दूध घालून, एसटी पकडून, धापा टाकत मी कॉलेजला...” पुढे पोचले की परत गेले, ते शेवटी कळतं. आणि मिल्टन त्या ओळीत करतो काय? काव्यदेवतेला विनवणी. मोठं काम हाती घेण्याआधीचं मंगलाचरण! पैठणजवळच्या आपेगावच्या ज्ञानेश्वरांनीही ग्रंथाची सुरुवात वंदनानंच केली. हे ओळखीचं दार दिसलं की त्या वाक्याची भीती निम्मी होते.

आता रोजचं सांगते. गाईड फेकून दे असं मी म्हणणार नाही. परीक्षा आहे, तुमच्या ग्रंथालयात पुस्तकं किती आहेत मला ठाऊक आहे. फक्त क्रम बदल. आधी मूळ पुस्तकाच्या 20 ओळी, रोज, जास्त नको. जुन्या पुस्तकांवर कुणाचा हक्क राहिलेला नसतो, ती मोबाइलवर फुकट आणि कायदेशीर मिळतात. ओळी हातानं वहीत उतरव. डिक्शनरीत फक्त तेच शब्द बघ ज्यांच्याशिवाय वाक्य अडतंय. मग त्या ओळींत काय झालं ते घरी कुणाला तरी मराठीत सांग, आईला सांग, भाकरी करता करता. सांगताना जिथे तू अडशील तिथे तुला कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात. आणि त्यानंतर गाईड उघड. मग ते तुला खोटं तरी वाटेल किंवा खरं तरी, आत्तासारखं निव्वळ पाठ करायचं राहणार नाही. काही गाईडांत चक्क चुका असतात, त्या तुला सापडायला लागतील. माझ्या एका विद्यार्थिनीला पहिली चूक सापडली तो दिवस मला आठवतो. स्टाफरूमच्या दारात उभी राहून ती मोठ्यानं म्हणाली, “मॅडम, ह्यात चुकीचं दिलंय!” तिचा आवाज मी त्याआधी ऐकलेलाच नव्हता.

बोलण्याकडे येते. त्या क्लासला जाऊ नकोस. बचत गटाचं कर्ज हप्त्यानं फेडायचं असतं, ते आईच्या अंगावर पडेल. तीन महिन्यांत तुला तिथे मिळतील पाठ केलेली वाक्यं, स्वतःची ओळख, छंद, ‘माय एम इन लाइफ’. त्यानं मुलाखतीची पहिली दोन मिनिटं निघतात. तिसऱ्या मिनिटाला काय?

त्यापेक्षा मोबाइलचा रेकॉर्डर वापर. ज्या 20 ओळी वाचल्यास त्याच मोठ्यानं वाचून रेकॉर्ड कर आणि ऐक. पहिले आठ दिवस स्वतःचा आवाज ऐकवणार नाही, सगळ्यांचंच तसं होतं. मग पुस्तक मिटून दोन मिनिटं त्याच ओळींबद्दल इंग्रजीत बोल. अडलीस तर मराठी शब्द टाकून पुढे जा, पण थांबू नकोस. नंतर त्या मराठी शब्दांना इंग्रजी शब्द शोध. हे रोज केलंस तर तीन महिन्यांनी पहिलं रेकॉर्डिंग आणि शेवटचं एकापाठोपाठ ऐक. कुणाला विचारायची गरज पडणार नाही.

उच्चारांत कशामागे लागायचं आणि कशामागे नाही, हेही सांगते, कारण यात पोरं फार वेळ घालवतात. आपला ‘ट’ इंग्रजांच्या ‘टी’सारखा नाही. आपली जीभ टाळूकडे वळते, त्यांची हिरडीला लागते. असू दे, तेवढ्यानं कुणाचं अडत नाही. लंडनची नक्कल करायचीच नाही. पण दोन गोष्टींवर मेहनत घे. पहिली, आघात. मराठीत आपण शब्दातल्या सगळ्या अक्षरांवर साधारण सारखं वजन देतो, इंग्रजीत एका तुकड्यावर जोर आणि बाकीचे पुसट. ‘प्रेझेंट’ला पुढे जोर दिला तर भेटवस्तू किंवा हजर, मागे जोर दिला तर सादर करणं. जोर चुकला की समोरच्याला शब्दच ओळखू येत नाही, आणि आपल्याला वाटतं आपलं व्याकरण चुकलं. मोबाइलवरच्या लर्नर्स डिक्शनरीत प्रत्येक शब्द ऐकायची सोय असते, आणि जोर कुठे ते जोराच्या तुकड्याच्या आधी वरच्या बाजूला लावलेल्या बारीक उभ्या रेघेनं दाखवलेलं असतं. दुसरी, व. आपल्याकडे एकच ‘व’ आहे, त्यांच्याकडे दोन. ‘व्हेरी’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकले पाहिजेत, ‘वेल’ म्हणजे विहीर म्हणताना ओठांचा चंबू झाला पाहिजे आणि दात कुठेही लागायला नकोत. आरशासमोर पाच मिनिटं कर, लगेच कळेल. आर्टिकलं चुकतात म्हणून झोप उडवू नकोस. मराठीत ती चीजच नाही, वाचत राहिलीस की बसत जातात.

वर्गात बोलायचं कसं? आठवड्याला एक प्रश्न. घरी लिहून ने, चार वेळा मोठ्यानं म्हण आणि तास सुरू झाल्याबरोबर पहिल्या पाच मिनिटांत विचार. शेवटी विचारू म्हटलं की राहून जातं. आणखी एखादी मैत्रीण तयार कर. एसटीत रोजचा तास-पाऊण तास जातो ना? जाताना मराठी, येताना इंग्रजी. लोक बघतील. चार दिवस बघतील.

आता तिसरं काम, ज्याला तुमच्या अभ्यासक्रमात कम्युनिकेशन स्किल्स म्हणतात आणि ज्यात पोरांकडून काल्पनिक कंपनीच्या काल्पनिक मॅनेजरला पत्रं लिहून घेतात. त्याऐवजी तू येळवसावर एक पान इंग्रजीत लिही. केरळातल्या तुझ्याएवढ्या मुलीनं ते वाचायचं आहे, असं धर. मग बघ काय काय अडतं. येळवस म्हणजे काय? वेळा अमावस्या म्हटलं तरी तिला कळणार नाही. मार्गशीर्षातली अमावस्या, डिसेंबर-जानेवारीत येणारी, हिरवी ज्वारी कमरेच्या वर गेलेली, सगळं गाव कुलूप लावून शेतात. कडब्याची खोप, आत पाच पांडव म्हणून मांडलेले चुना लावलेले दगड. पांडव म्हणजे दगड कसे, हे तिला सांगावं लागेल. आंबील म्हणजे ताकात शिजवलेलं ज्वारीचं पीठ, पण नुसतं एवढं लिहिलं तर तोंडाला पाणी सुटेल का? मडक्यातला तो आंबूसपणा कोणत्या शब्दानं येईल? ‘सावर’ म्हणजे आंबट, पण तो शब्द नासलेल्या दुधालाही चालतो. भज्जी म्हटलं की ती तळलेली भजी समजेल, आणि आपली भज्जी तर डाळीच्या पिठात शिजवलेली, वाटाणा, हरभरा, तुरीचे ओले दाणे, हिरव्या भाज्या असं सगळं घातलेली. समोरच्याला काय माहीत आहे, काय नाही, कुठे थांबून सांगायचं, कुठे शब्द तसाच ठेवायचा, हे ठरवणं म्हणजेच कम्युनिकेशन. येळवस हा शब्दसुद्धा आपल्याकडे कानडीच्या शेजारातून आला म्हणतात. तोही असाच कुणीतरी सीमेपलीकडून उचलून आणला असणार.

भाषा उचलून आणायची सवय या मुलखाला जुनी आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कचेरी उर्दूत, हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ 1918 पासून उर्दू माध्यमाचं. माझे आजोबा घरात मराठी बोलत आणि अर्ज उर्दूत लिहीत. दुसऱ्याच्या भाषेत शिकताना आपली भाषा खाली ठेवावी लागते, असं त्यांनी कधी मानलं नाही. नंतर 1950 मध्ये डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. तिथे म. ना. वानखेडे इंग्रजी शिकवत. अमेरिकेत शिकून आले, तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांचं साहित्य त्यांनी इथल्या दलित लेखकांपुढे ठेवलं आणि त्यातून मराठीत किती मोठं काही उभं राहिलं ते तू मराठीच्या तासाला शिकली असशील. भालचंद्र नेमाडेही त्याच गावात विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते, लिहीत होते मराठीत. मी हे तुझी छाती फुगावी म्हणून सांगत नाही. इंग्रजीचा वर्ग आणि मराठीचं जगणं यांच्यामध्ये भिंत आहे, असं तुला वाटतंय. मराठवाड्यात तरी ज्यांनी इंग्रजीचं काही चांगलं केलं, त्यांनी ती भिंत मानली नाही.

पप्पांचं. त्यांना साहित्य किती थोर आहे ते सांगत बसू नकोस. त्यांना तुझ्या पोटाची काळजी आहे आणि ती खरी आहे. सीनियर कॉलेजच्या नोकरीचं स्वप्न मी तुला दाखवणार नाही. नेट-सेट झालेली, पीएचडी झालेली माझी कितीतरी पोरं आज तासिका तत्त्वावर राबतायत, सहा-सहा महिने मानधन येत नाही. एमए करायचं तर डोळे उघडे ठेवून कर. शाळेची वाट आहे: बीएड, वर टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आणि टेट म्हणजे शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी. इंग्रजी नीट शिकवणारं माणूस खेड्यातल्या शाळेला लागतंच. पोलीस शिपाई भरतीला बारावी पुरते, पण एमपीएससी करायची तर पदवी लागतेच, मग ती इंग्रजीतली असली म्हणून काही बिघडत नाही. एमपीएससीच्या मुख्य परीक्षेत तर इंग्रजीचा पेपर आहेच. भाषेचाच अभ्यास पुढे करावासा वाटला तर हैदराबादची इंग्रजी आणि परदेशी भाषांची संस्था, 1958 साली सुरू झालेली, आज केंद्रीय विद्यापीठ आहे आणि आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे.

आणखी एक काम आहे, ज्याकडे कुणी बघत नाही. उच्च न्यायालयाचं खंडपीठ औरंगाबादला 1981 मध्ये आलं. खालच्या कोर्टात जबाब, खरेदीखत, फेरफार सगळं मराठीत, आणि वर कामकाज इंग्रजीत. मधला प्रत्येक कागद कुणीतरी भाषांतर करतं. ‘वहिवाट’, ‘सामाईक बांध’, ‘पोटखराब’ हे शब्द इंग्रजीत नीट नेणारं माणूस शोधून सापडत नाही, कारण इंग्रजी चांगलं असलेल्यांना बांध म्हणजे काय ते माहीत नसतं. तुला माहीत आहे. पप्पांकडे सातबारा असेल. एका संध्याकाळी त्यांच्यासोबत बसून त्यातला एकेक रकाना इंग्रजीत लिहून बघ. त्यांना विचारत विचारत लिही, त्यातलं बरंचसं तुला नाही, त्यांनाच माहीत असेल. तू काय शिकतेस याचा त्यांना पहिल्यांदा अंदाज येईल.

आईला सांग, बचत गटाचे पैसे उचलू नको. त्याऐवजी 20 ओळी रोज ऐकायच्या आहेत म्हणावं.

येळवसाचं पान लिहून झालं की मला पाठव. खाडाखोड तशीच राहू दे, स्वच्छ उतरवून काढू नकोस. आंबिलीच्या आंबूसपणाला तुला कोणता शब्द सापडतो याची मी वाट बघते. मला अजून सापडलेला नाही.